चामड्याची कड आणि माझी एक चूक



वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. कमरेचा पट्टा, पर्स, पाकीट, चामड्याचं जे काही हाताशी असेल ते घ्या. वरची चकाकी, बक्कल, कंपनीचं नाव हे सगळं सोडून द्या आणि फक्त त्याची कड बघा. कड म्हणजे चामडं जिथं कापलेलं असतं ती जाडी. तिच्यावरून बोट फिरवा.

बहुतेकांच्या बोटाला काय लागेल ते सांगते. रंगाचा एक प्लास्टिकसारखा थर, आणि पट्टा जिथं रोज वाकतो तिथं त्या थराला तडे. नखानं ओढलं तर तो दोऱ्यासारखा निघून येतो आणि आत काहीतरी राखाडी, पिंजलेलं दिसतं. एखाद्याच्याच हाताला कड अगदी घट्ट आणि गुळगुळीत लागेल, शिसवी लाकडाच्या लाटण्यासारखी. तिला घोटलेली कड म्हणतात. मला स्वतःला हा फरक वयाची पस्तिशी येईपर्यंत माहीत नव्हता. २०२५च्या जुलैमध्ये कळला, तोही पर्सचा पट्टा तुटला म्हणून.

माझी शाळा रायगडच्या किनाऱ्यावर, रेवदंडा-मुरूड रस्त्यावरच्या एका गावात आहे. बाजारात एसटी थांब्याच्या बाजूला एक कारागीर ताडपत्रीखाली बसतात. चपला दुरुस्त करतात, छत्र्यांच्या काड्या बसवतात आणि शर्यतीच्या बैलांचे घुंगरांचे पट्टे करतात. २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना अटी घालून परवानगी दिली, तेव्हापासून हे पट्ट्यांचं काम त्यांच्याकडे परत आलं. मी पर्स दिली. त्यांनी नवी चामड्याची पट्टी कापली, आरीनं भोकं पाडली, शिवली. दहा मिनिटं लागली असतील. मी पैसे काढून उठले तर म्हणाले, "बाई, थांबा. कड व्हायचीय."

माझी साडेपाचची गाडी होती. म्हटलं, राहू दे दादा, दिसतंय चांगलं.

"घाई असंल तर न्या तशीच. श्रावण संपेपर्यंत परत याल."

मग बसले. त्यांनी रापीनं पट्टीच्या कडेचे वरचे-खालचे दोन्ही कोपरे अगदी केसभर तासून काढले. पॉलिश पेपर फिरवला. वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून कडेवरून ओढलं, फक्त ओल येईल एवढंच. मग खाच पाडलेला एक लाकडाचा तुकडा घेतला, ती कड खाचेत बसवली आणि घासायला लागले. पुढे-मागे, पुढे-मागे. एका जागी थांबायचे, बोट फिरवून बघायचे, परत. मग मेण, परत घासणं, शेवटी जाड कापड. शिवायला दहा मिनिटं आणि कडेला पंचवीस! माझी एसटी डोळ्यांसमोरून गेली.

मी विचारलं, याचे किती घेता? म्हणाले, "कडेचे वेगळे कोण देतो? गिऱ्हाईक शिलाई बघतं. पण पाऊस चामड्यात वरून नाय शिरत बाई, कडेनं शिरतो." बैलाच्या पट्ट्याचं तर त्यांनी वेगळंच सांगितलं. कच्च्या कडेचा पट्टा धावताना बैलाच्या मानेला घासतो. आधी केस जातात, मग कातडी. बैल बोलत नाही, त्यामुळे मालकाला कळतं तेव्हा जखम झालेली असते.

आता घासल्यानं नेमकं होतं काय, ते समजून घेऊ. वर्गात मुलं हे विचारतातच.

चामडं म्हणजे कापडासारखी वीण नाही. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या असंख्य बारीक तंतूंची ती गुंतवळ असते. कातडं कुजू नये म्हणून ते कमावतात. आपल्याकडची जुनी रीत बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावण्याची. हिरडा तोंडात धरला की तोंड तुरट होऊन आवळून येतं ना? तो तुरटपणा टॅनिनचा, आणि तेच टॅनिन कातड्यातल्या तंतूंना धरून ठेवतं. असं चामडं कापलं की कडेला तंतूंची टोकं उघडी पडतात. त्यांना थोडी ओल दिली की ती मऊ होतात. त्यावर गुळगुळीत, कडक वस्तू जोरानं घासली की दाब आणि उष्णता दोन्ही मिळतात, टोकं आडवी पडतात, एकमेकांत दबतात आणि वाळल्यावर तशीच राहतात. मेण हे त्यावरचं झाकण.

क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याला मात्र ही घोटाई मानवत नाही. ते मऊ आणि लवचिक असतं, दाबलेले तंतू परत उसळून वर येतात. बाजारातल्या बहुतेक पर्सा आणि बूट त्याचेच असतात, म्हणून त्यांची कड एकतर आत दुमडून शिवतात किंवा रंगाच्या थरांनी झाकतात. ओळखायचं कसं? कापलेल्या भागाचा आतला रंग बघा. पुष्कळदा निळसर राखाडी असतो. आणि हिरड्या-बाभळीच्या चामड्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो पटकन शोषला जातो आणि तिथं गडद डाग दिसतो.

कोल्हापुरी चपलांचं चामडं याच जुन्या रीतीचं. खिळा न मारता चामड्याच्याच वादीनं शिवलेली चप्पल. तिला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे मिळून. २०२५च्या जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा कंपनीच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि किती गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. आमच्या पालकांच्या ग्रुपवर चार दिवस दुसरं काही नव्हतं. 'आमची कोल्हापुरी, आमचा अभिमान.' मीसुद्धा स्टेटस ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगते आहे, पुढे लागेल.

'घोटणे' या शब्दानं मला तिथंच पकडलं. आपण शिक्षक हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो! पाढे घोटून घ्या, अक्षर घोटून घ्या. वरण घोटतात, भांग घोटतात, दाढी घोटून करतात. पूर्वी हातकागदही घोटायचे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागद तयार होतो. बोरूची शाई फुटू नये म्हणून असा कागद गुळगुळीत दगडानं घासत. सगळीकडे क्रिया एकच, थोडी ओल किंवा खळ आणि पुष्कळ घासणं. पण आपल्या शाळेतल्या 'घोटून घ्या'मधून ती ओल केव्हाच उडून गेलेली आहे, असं मला त्या ताडपत्रीखाली बसून वाटलं. आपण कोरडंच घासतो.

तर मला हे वर्गात न्यायचंच होतं. माझ्याकडे चौथीचा वर्ग, तेवीस मुलं. आनंददायी शनिवारचा तास हाताशी होता, कार्यानुभवही होता. नेहमीची कागदी फुलं आणि आइस्क्रीमच्या काड्यांची घरं मलाच नकोशी झाली होती. तेवढ्यात कळलं की हे कारागीर म्हणजे माझ्याच वर्गातल्या एका मुलाचे वडील. मी आनंदून गेले. त्यांना विचारलं, शनिवारी वर्गात येऊन दाखवाल का? ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "येतो."

आणि गुरुवारी मी भर वर्गात सांगितलं, "शनिवारी आपल्याला चामड्याचं काम शिकवायला आपल्या वर्गातल्या अमक्याचे बाबा येणार आहेत. टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. पण बावीस माना त्याच्याकडे वळल्या. मागच्या बाकावरून एक शब्द आला, तो मी इथं लिहीत नाही. कोणीतरी खुदकन हसलं. मी डोळे वटारले, "असं म्हणायचं नाही" म्हणाले आणि गणिताचं पुस्तक उघडलं. म्हणजे पाच सेकंदांत विषय मिटवला. तो मुलगा खाली बघून पेन्सिलीला टोक करत होता. टोक झालेलं होतं, तरी करत होता.

शुक्रवारी तो आला नाही. शनिवारी वडील आले. धुतलेला शर्ट, हातात हत्यारांची पिशवी, पट्ट्यांचं पुडकं. वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी बाकांवरून नजर फिरवली. "तो कुठं बसतो?"

मी म्हटलं, तो कालपासून आलाच नाही ना.

ते म्हणाले, "काल पण डबा घेऊन निघाला. आज पण."

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. आमच्या सरांना वर्ग दिला आणि आम्ही दोघं निघालो. बाहेर झड लागली होती. मारुतीचं देऊळ, दुकानाची ओटी, कुठंच नाही. शेवटी बंदरावर सापडला. जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. तसल्या एका होडीखाली, वाळूत, दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. डबा खाल्लेला होता. मी काही बोलायच्या आत तो वडिलांना म्हणाला, "बाबा, पिशवी घरी ठेवा."

वडिलांनी पुडकं माझ्या हातात दिलं, पिशवी काखेत मारली आणि त्याचा हात धरून घराकडे गेले. मी पुडकं घेऊन शाळेत आले.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. मला वाटलं होतं, रागावतील. ते चिडले नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. म्हणाले, "तुम्ही मला विचारलंत बाई. त्याला नाय विचारलंत." मग काम करता करता थोडं थोडं सांगत गेले. आजोबा मेलेली ढोरं ओढून नेत, कातडी काढत, कमावत. वडिलांनी ते सोडलं, फक्त शिवण्याचं ठेवलं. "मी पट्टे करतो. त्यानं काय करायचं ते त्याचं तो बघंल. हत्यार मी त्याच्या हातात देत नाय. पण शेजारी बसतो, बघतो. त्याला सगळं येतं."

डी.एड.ला आम्हाला नई तालीम होती. १९३७ची वर्ध्याची शिक्षण परिषद, हस्तव्यवसायातून शिक्षण, श्रमप्रतिष्ठा. मी पेपरात दोन पानं लिहिली होती. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत तुरुंगात असताना चपला शिवल्या, त्या जनरल स्मट्सना भेट दिल्या आणि स्मट्सनी त्या १९३९मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानं, परत पाठवल्या, ही गोष्ट मी मुलांना दर २ ऑक्टोबरला सांगते. गोष्ट छान आहे. पण गांधीजी चपला शिवायला स्वतःहून बसले होते, या मुलाच्या पणजोबांना कोणी विचारलं नव्हतं. हा फरक माझ्या दोन पानांत नव्हता. महाड तर आमच्याच जिल्ह्यात. तिथं मार्च १९२७मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, स्वाभिमानानं जगा असं लोकांना सांगितलं. त्यानंतर गावोगाव माणसांनी गावानं लादलेली कामं सोडली आणि सोडली म्हणून मारही खाल्ला. जे काम टाकून देण्यासाठी घरच्यांनी एवढं सोसलं, ते काम मी 'टाळ्या!' म्हणून वर्गासमोर ठेवत होते. इटलीतल्या चपलेवर स्टेटस ठेवणाऱ्या घरांतूनच तो मागच्या बाकावरचा शब्द आला होता, हेही खरं.

सोमवारी तो शाळेत आला. मधल्या सुट्टीत मी त्याला व्हरांड्यात बाजूला घेतलं आणि म्हटलं, "मी तुला न विचारता सांगितलं. चुकलं माझं." त्यानं मान हलवली. पुढे विचारलं, "ते काम आपण वर्गात करायचं का? तू नको म्हणालास तर नाही करायचं." थोड्या वेळानं म्हणाला, "करा. पण बाबांचं नाव नको. आणि मला पुढं बोलवू नका." मागच्या बाकावरच्या दोघांशी आणि त्यांच्या घरच्यांशीही बोलले. ते बोलणं सोपं झालं नाही. एका घरात मला चहा मिळाला, एका घरात "बाई, पोरं आहेत, एवढं काय मनावर घेता" असं उत्तर.

मग दोन आठवडे शाळा सुटल्यावर मी त्या ताडपत्रीखाली बसून कड घोटायला शिकले. पहिल्या दिवशी मी एवढं पाणी लावलं की कड फुगून पावासारखी झाली. दुसऱ्या दिवशी एवढा जोर लावला की कड दोन्ही बाजूंनी खिळ्याच्या डोक्यासारखी पसरली. "जोर नको, वेळ द्या," असं ते म्हणायचे. तिसरी चूक पॉलिश पेपरची. मी घाईनं जाडसर कागदावरून थेट पाण्यावर गेले, तेव्हा ओरखडे तसेच राहिले आणि मेण लावल्यावर उठून दिसायला लागले. २२०, मग ४००, मग ६०० नंबर असं क्रमानंच जावं लागतं.

तुम्हाला वर्गात करायचं असेल तर पट्ट्या कापणं आणि कोपरे तासणं मोठ्यांनीच आधी करून ठेवा. रापी मुलांच्या हातात अजिबात नको. प्रत्येकाला बारा सेंटीमीटर लांब, दोन सेंटीमीटर रुंद पट्टी पुरते, किल्ल्यांना लावायला होते. पाण्यासाठी वाटी आणि चिंधी, जुन्या दप्तराचा जाड कॅनव्हास, मधमाश्यांच्या मेणाचा लहान खडा. खाचेचं लाकूड तेवीस जणांना कुठून आणणार? आमच्या मुलांनी पेनचं टोपण, काचेची बाटली, चमचा सगळं घासून पाहिलं. शेवटी एका मुलीनं घरातली कवडी आणली. कवडीची पाठ इतकी गुळगुळीत असते आणि चिमटीत अशी बसते की सगळ्यांना तीच हवी झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात कवड्यांचा ढीग. किनाऱ्यावर नसाल तर बाटली चालेल.

चामडं कशाचं, असं मुलं आणि काही पालकही विचारतील. आमचं म्हशीचं होतं, तसंच सांगितलं. ज्यांना हात लावायचा नव्हता अशा दोन मुलांना मोजमापाचं काम दिलं. परिमिती त्यांनीच काढली. एका पट्टीची २८ सेंटीमीटर, तेवीस पट्ट्यांची ६४४. म्हणजे वर्गानं साडेसहा मीटरच्या आसपास कड घोटली! हे त्यांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्ग थक्क झाला, कारण आमच्या वर्गाची भिंतसुद्धा तेवढी नाही. मराठीच्या तासाला 'कड' घेतला. कडेवर, कडेला, कडेकपारी, कड घेणे, कडेलोट. रायगडावरचं टकमक टोक सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे कडेलोटावरच निम्मा तास गेला.

तो मुलगा तिसऱ्या बाकावर आपली पट्टी घासत होता. कोणाशी बोलत नव्हता. शेजारचा घाईघाईनं वाटीतलं पाणी लावत सुटला होता. बराच वेळ बघून हा हळूच म्हणाला, "पाणी जास्त झालंय. फुगलीय बघ. आता घासू नको, सुकू दे." शेजाऱ्यानं विचारलं, तुला काय माहीत? हा म्हणाला, "माहीत आहे." आणि त्याची पट्टी आपल्या हातात घेऊन कोरड्या चिंधीत दाबून धरली. मी ऐकलं, पण फळ्याकडेच बघत राहिले.

गणपतीच्या सुट्टीआधी आम्ही आणखी तीन पट्ट्या वर्गातल्या खिळ्याला टांगल्या. एक कच्च्या कडेची, एक नुसत्या पाण्यानं घोटलेली, एक मेण लावलेली. सुट्टीवरून आलो तर कच्च्या कडेला पांढरट हिरवी बुरशी, तीही कडेपासून आत गेलेली. पाण्यानं घोटलेलीवर दोन-तीन ठिपके. मेणाची स्वच्छ. मुलांनी तारखा घालून वहीत नोंद केली.

शाळेच्या नोंदीत पालकाचा व्यवसाय असा एक रकाना असतो. त्या मुलाच्या नावापुढे 'मजुरी' लिहिलेलं आहे. जुलैत मला तिथं 'चर्मकला' असं लिहावंसं वाटलं होतं, पेनही उघडलं होतं. मग त्याच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "राहू दे तसंच." तसंच आहे.

सप्टेंबरात पालकसभा झाली. ते आले, मागं बसले. सभा संपल्यावर पालक मुलांच्या वह्या बघत होते. तेवीस पट्ट्या टेबलावर मांडलेल्या होत्या, नावं न घालता. ते टेबलाशी आले आणि एकेक पट्टी उचलून डोळे न लावता नुसता अंगठा कडेवरून फिरवत गेले. चार पट्ट्या बाजूला काढल्या. त्यात माझीही एक होती.

"ह्या परत घोटा," ते म्हणाले.

तो दाराशी उभा होता. आत आला, चारही पट्ट्या उचलल्या, दप्तरात टाकल्या आणि वडिलांच्या पुढे चालायला लागला.